आधी वाचा, मग हात लावा

जीर्णोद्धार या शब्दाची आता मला धास्ती वाटते. एखाद्या गावच्या बस्तीवर 'जीर्णोद्धारासाठी सढळ हाताने मदत करा' असा फलक लागला की पोटात गोळाच येतो. कारण पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी जुन्या दगडी खांबांना ऑइलपेंट लागतो. खांब पिवळा, त्यावरची वेल हिरवी, फुलं तांबडी. मग खाली ग्रॅनाइट, भिंतींना चकचकीत टाइल्स. मग ज्या चौकटीखालून आपल्या कित्येक पिढ्या मान वाकवून आत गेल्या, ती चौकट 'अरुंद पडते' म्हणून निघते आणि तिच्या जागी संगमरवराची तयार चौकट येते. चार गावांतल्या चार बस्त्यांत सारखीच, जणू एकाच साच्यातून काढलेली. शेवटी देणगीदारांच्या नावांची काळी पाटी बसते, सोनेरी अक्षरांत. झाला उद्धार!

जुनं गेलं कुठं म्हणून विचारावं, तर कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं मागच्या अंगणात आहे, कुणी म्हणतं विहिरीच्या कट्ट्याला लावलं, कुणी नुसते खांदे उडवतं.

मैत्रिणींनो, हे मी कुठल्या परक्या आक्रमणाबद्दल लिहीत नाही. आक्रमणांची गाणी गायला आपल्याला फार आवडतं; कोणी काय फोडलं याच्या याद्या आपल्याकडे तोंडपाठ असतात. मी लिहिते आहे ते आपण स्वतः, आपल्या पैशानं, हळदीकुंकू वाहून, नारळ फोडून जे मोडतो आहोत त्याबद्दल.

आमच्या जवळच्या एका बस्तीतली गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की भांडण नावाचं होतं आणि दगड बाजूला राहतो. तिथं गर्भगृहाची जुनी दगडी चौकट काढून रुंद करायचा ठराव झाला आहे. चातुर्मास संपला की काम सुरू. बाहेरच्या व्हरांड्यात एक उभा कोरीव दगड आहे, तो 'मध्ये येतो' म्हणून तोही हलवायचा. मी कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारलं, "अण्णा, त्या चौकटीवर काय काय कोरलंय ते एकदा बघितलंय का?" तर ते हसून म्हणाले, "अक्का, नक्षी आहे हो जुनी. तुम्ही महिला मंडळानं प्रसादाचं बघा, बांधकामाचं आम्ही बघतो."

नक्षी! सगळा घोटाळा या एका शब्दात आहे. म्हणून आधी त्या 'नक्षी'बद्दलच बोलू.

आपल्या भागातल्या चालुक्य-रट्ट काळातल्या बस्तीची चौकट म्हणजे एक वाचायचं पान असतं, आणि ते खालून वर वाचायचं. उंबरठ्याच्या पुढं अर्धा चंद्र कोरलेला दगड, ती चंद्रशिला. तिथं पाय ठेवला की बाहेरचा गाव संपला. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, त्यांना शाखा म्हणतात: एक पानाफुलांची, एक बारीक खांबांची, एक हिऱ्याच्या आकाराच्या चौकोनांची. शाखांच्या पायथ्याशी द्वारपाल, कुठं चवऱ्या धरलेल्या बायका, कुठं भरलेला कलश. आणि वर, कपाळपट्टीच्या अगदी मधोमध, हातभरही नाही अशी एक छोटी बसलेली मूर्ती. ते ललाटबिंब. मांडी घातलेली, हात मांडीवर, अंगावर कापड नाही, डोक्यावर तीन छत्रं. हे ललाटबिंब म्हणजे घराच्या दारावरची पाटी. हे जिनाचं घर आहे, असं सांगणारी. बस्ती ओसाड पडली, मूर्ती हरवली, गावातले जैन परगावी गेले, तरी चौकट बघून कुणीही सांगू शकतं की इथं जिनालय होतं. कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात कितीतरी पडक्या देवळांची ओळख एवढ्याशा मूर्तीवरून पटते. आणि आपण काय करतो? ती चौकटच काढून टाकतो, किंवा तिच्यावर रंगाचे इतके थर चढवतो की जिनाचं नाक-डोळे बुजून तिथं एक गोळा उरतो. आपल्याच घराची पाटी आपणच पुसतो.

तीन छत्रांचंही तसंच. बहुतेकींना वाटतं, देव आहे म्हणून छत्र. पण तीन का? तर तिन्ही लोकांचं स्वामित्व. पाठीमागचं झाड म्हणजे अशोकवृक्ष, बाजूचे चवरीधारी, डोक्यामागचं तेजाचं वलय म्हणजे भामंडल, खालचं सिंहासन, वरून फुलं टाकणारे गंधर्व, दुंदुभी वाजवणारे. ही आठ प्रातिहार्यं आपण स्तोत्रात रोज म्हणतो. म्हणताना पुस्तकात बघतो आणि समोर दगडात कोरलेली असतात तिकडं बघत नाही. आठातलं दिव्यध्वनी हे प्रातिहार्य तर दगडात दाखवायलाच अवघड, कारण आवाज कोरायचा कसा? तिथं शिल्पीनं काय युक्ती केली असेल, हा प्रश्न आपल्या पाठशाळेतल्या एका तरी पोराला पडू दे की!

जुन्या दाक्षिणात्य मूर्तींवर पुष्कळदा लांछन नसतंच. बैल म्हणजे आदिनाथ, शंख म्हणजे नेमिनाथ, सिंह म्हणजे महावीर, ही चोवीस चिन्हांची यादी आपल्याला पाठ असते. पण मूर्तीखाली चिन्हच नसेल तर? मग बाजूचे यक्ष-यक्षी बघावे लागतात. खांद्यावर केसांच्या बटा उतरलेल्या असल्या तर आदिनाथ. सर्पफणा असला तर बहुधा पार्श्वनाथ, कधी सुपार्श्व, आणि फण्यांची संख्या मोजायची. शेजारी अंबिका असली तर नेमिनाथ. म्हणजे बाजूची मूर्ती काढून व्हरांड्यात नेली, की मधली मूर्ती अनोळखी झाली. यक्षी ही तीर्थंकराची साक्षीदार असते, तिला खोलीबाहेर काढून चालत नाही.

आणि अंबिका म्हणजे कोण, हे तर आपण बायकांनी विसरताच कामा नये. मांडीवर एक मूल, बाजूला एक मूल, हातात आंब्याची डहाळी, खाली सिंह. तिची गोष्ट घरातली आहे. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला असतो. दारात जैन मुनी येतात. ती त्यांना आहार देते. घरात आकाशपाताळ एक होतं, नवरा तिला दोन पोरांसह घराबाहेर काढतो. वाटेत पोरं भुकेनं रडतात, तेव्हा वठलेल्या आंब्याला फळं येतात, आटलेल्या तळ्याला पाणी येतं. पुढं ती नेमिनाथांची यक्षी होते, आणि तोच नवरा पुढच्या जन्मी तिचं वाहन, सिंह. स्वयंपाकघरातून उठून देव्हाऱ्यापर्यंत पोचलेली ही बाई आहे. तिला आपल्या लोकांनी 'बाजूची देवी' असं नाव ठेवलं आणि हळदीच्या थरात पुरली. मी प्रसादाचं बघावं म्हणे! अंबिकेनंही प्रसादाचंच बघितलं होतं, अण्णा.

आता तो व्हरांड्यातला 'मध्ये येणारा' दगड. गावात त्याला सरसकट वीरगळ म्हणतात. काहीजण त्यावर चपला ठेवतात. त्याच्यावर खालच्या कप्प्यात एक बाई हात जोडून बसली आहे, समोर गुरू, दोघांच्या मधे पोथी ठेवायची घडवंची. वरच्या कप्प्यात ध्यानस्थ जिन. वीरगळावर लढाई असते, घोडा असतो, तलवार असते. इथं यातलं काही नाही. ही निषिधी आहे. सल्लेखना घेऊन, अन्नपाणी हळूहळू सोडून, शुद्धीवर राहून मरण स्वीकारलेल्या एका श्राविकेचं हे स्मारक. पोथी समोर आहे, म्हणजे शेवटपर्यंत ऐकत होती, समजून घेत होती. घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लावताना आजही आपल्याकडं दहा कारणं निघतात. तेव्हाच्या लोकांनी तिच्या मरणाला एक अख्खा दगड दिला. तो आपल्याला चपलांच्या कामाचा वाटतो.

श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर जाऊन बघा. तिथं असे लेख आणि दगड शेकड्यांनी आहेत आणि त्यांत बायकांची नावं ठिकठिकाणी भेटतात. होयसळ विष्णुवर्धनाची राणी शांतलादेवी हिनं ११२३ मध्ये तिथं शांतिनाथाची बस्ती बांधली. बस्तीचं नाव सवतिगंधवारण, म्हणजे सवतींना मदमस्त हत्तीसारखी भारी पडणारी! हे बिरुद राणीनं बस्तीच्या नावात मिरवलं, लाजली नाही. तिची आई माचिकब्बे हिनं त्याच क्षेत्री उपवासानं देह ठेवला. हे आपल्याला कसं कळलं? दगडानं सांगितलं म्हणून. लक्कुंडीला अत्तिमब्बेनं १००७ च्या सुमाराला ब्रह्म जिनालय उभं केलं, तिला दानचिंतामणी म्हणतात. तिची दानशूरता आपल्या भाषणांत नेहमी येते, पण तीही भाषणांनी टिकलेली नाही. दगडांनी आणि पोथ्यांनी टिकवली. बायकांचा इतिहास फार कमी ठिकाणी लिहिला गेला. ज्या थोड्या ठिकाणी लिहिला गेला त्यातली एक जागा म्हणजे बस्तीतला दगड. तो आपणच उचलून विहिरीच्या कट्ट्याला लावायचा?

आता समोरून जे मुद्दे येतात त्यांच्याकडं वळू. ते सगळेच काही मूर्खपणाचे नाहीत.

पहिला मुद्दा अध्यात्माचा. "आपला धर्म आत्म्याचा. दगड म्हणजे पुद्गल. त्याचा एवढा मोह कशाला? हाही परिग्रहच." ऐकायला फार बरं वाटतं. पण मग ग्रॅनाइट काय चैतन्याचा बनलेला असतो का? जुन्या पुद्गलाचा मोह वाईट आणि नव्या पुद्गलासाठी पंचवीस लाखांची वर्गणी, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि परिग्रहाचं बोलायचंच तर त्या सोनेरी अक्षरांच्या पाटीपासून सुरुवात करू या. ज्या शिल्पीनं ती चौकट कोरली त्याचं नाव बहुतेक वेळा आपल्याला माहीत नसतं. पंखा देणाऱ्याचं मात्र पंख्याच्या पात्यावर लिहिलेलं असतं.

दुसरा मुद्दा खंडिताचा. "खंडित मूर्तीची पूजा होत नाही, मग ठेवून काय करायचं?" खरं आहे, पूजेचे नियम आहेत आणि ते पाळावेत. पण पूजा होत नाही याचा अर्थ फेकून द्यावी असा कोणी काढला? घरातल्या आजीला आता स्वयंपाक होत नाही, म्हणून आपण तिला अंगणात नेऊन ठेवतो का? खंडित मूर्तीला पूजेतून मोकळं करा, पण छपराखाली, भिंतीशी, उंचावर, मानानं ठेवा. शिवाय चौकट, खांब, निषिधी यांना पूज्य-अपूज्याचा हा नियम लागूच होत नाही. एक नियम पुढं करून दुसऱ्याच गोष्टी मोडायच्या, ही पळवाट झाली.

तिसरा मुद्दा सोयीचा, आणि हा मी मान्य करते. गळतं छप्पर दुरुस्त झालंच पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी उतार हवा, धरायला दांडा हवा. महावीर जयंतीला, दशलक्षण पर्वात गर्दी होते, अभिषेक दिसत नाही. पण याचा इलाज चौकट फोडणं हा आहे का? वर्षातले दहा-पंधरा दिवस गर्दीचे, त्यासाठी वर्षाच्या सगळ्या दिवसांचं आणि मागच्या आठशे वर्षांचं दार काढायचं? शेजारी मोकळ्या जागेत सभामंडप बांधा, मोठा बांधा, पंखे लावा, हवं तर त्यावर सगळ्यांची नावं लिहा. जुन्या बस्तीला मात्र जुनी राहू द्या. गर्भगृहाचं दार अरुंद आहे ते शिल्पीला माप घेता येत नव्हतं म्हणून नव्हे. आतला अंधार, समोरचा एकच दिवा आणि त्या उजेडात उजळणारा चेहरा, हे सगळं त्या मापात धरलेलं आहे. तिथं ट्यूबलाइट आणि पांढऱ्या टाइल्स लावल्या की दर्शन होत नाही, नुसतं दिसतं.

चौथा मुद्दा रंगाचा. "रंग लावला की दगड टिकतो." हे साफ उलटं आहे. दगड पाणी पितो आणि सोडतो. पावसाळ्यात ओल धरतो, उन्हाळ्यात बाहेर टाकतो. ऑइलपेंटनं त्याचं तोंड बंद झालं की ओल आत अडकते, दगडातले क्षार पृष्ठभागाखाली साठतात, फुगतात आणि कोरीव कामाचा पापुद्रा सुटून येतो. रंग निघाला की त्याबरोबर वेलीची कड, डोळ्याची पापणी निघते. सिमेंटचंही तेच. जुन्या चुन्याच्या दर्जा मऊ असतात, दगडाबरोबर हलतात. सिमेंट कडक, ते पाणी अडवतं आणि शेवटी दगडच फोडतं. वाळूचा फवारा मारून 'स्वच्छ' करणं म्हणजे तर शिल्पीच्या छिन्नीची शेवटची रेघ खरवडून काढणं. आपण पैठणी वॉशिंग मशीनला लावत नाही, हे ज्ञान आपल्याला आहे. तेवढंच इथं वापरायचं आहे.

पाचवा मुद्दा मोठ्यानं कुणी बोलत नाही, पण मनात असतो. आपल्या भागातले जुने लेख हळेकन्नडात आहेत. घरात आपण मराठी बोलतो. त्यामुळं 'ते काही आपलं नव्हे' अशी एक अढी बसलेली असते. सीमाभागात राहून मी हे पुष्कळ ऐकलं आहे. त्यांना मी एवढंच सांगते: आपण मंत्र प्राकृतात म्हणतो, पूजा संस्कृतात करतो, भांडतो मराठीत आणि बाजार कन्नडात करतो. दगडाला कसला आलाय सीमाप्रश्न? भर कर्नाटकात, श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' असं कोरलेलं आहे, आणि मराठीच्या अगदी जुन्या लेखांत ते मोजलं जातं. त्याच्या शेजारीच कन्नडात आणि तमिळमध्येही तेच सांगितलेलं आहे. ज्यांनी ते कोरलं त्यांना तिन्ही भाषांतली माणसं दर्शनाला येणार हे ठाऊक होतं. आपल्यालाच ते समजू नये?

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. आपल्यातल्या बहुतेकजणी तिथं जाऊन आलेल्या असतील. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं १२०४ मध्ये ती बांधली. मूलनायक नेमिनाथ. मंडपात मान वर करून बघितलं की छतातून खाली लटकणारं दगडी कमळ. त्याच्या ७२ पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर, असं आपल्याकडं सांगतात. दगडाला खाली ओढ असते, तो पडायला बघतो. त्याच दगडाचं फूल करून डोक्यावर उलटं टांगायचं आणि त्यात तिन्ही काळ बसवायचे! ही बस्ती आज सुस्थितीत आहे ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळं. आपल्या हातात असती तर त्या कमळाला आज गुलाबी रंग असता, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच काळातले, शके ११२७ चे, बेळगावच्या जिनालयाला दिलेल्या दानाचे शिलालेख मात्र बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते परत आणा म्हणून आपण तावातावानं बोलतो. बोलावंही. पण परत आणून ठेवणार कुठं? व्हरांड्यात, चपलांखाली?

लंडनचा विषय निघालाच आहे तर त्यांच्याकडचंही एक बघू. इंग्लंडात हेरफर्डशायरमध्ये किल्पेक नावाचं लहानसं खेडं आहे. तिथलं गावचं चर्च ११४० च्या सुमाराचं, म्हणजे आपल्या कमल बस्तीपेक्षा साठेक वर्षांनी जुनं. तांबूस दगडाचं, आकारानं आपल्या एखाद्या गावबस्तीएवढं. दाराच्या कमानीवर पक्षी, साप, शेपूट तोंडात धरलेले अजस्र प्राणी. मधल्या अर्धगोलात फळांनी लगडलेलं जीवनाचं झाड. खांबाच्या माथ्यावर एक चेहरा, त्याच्या तोंडातून वेली बाहेर पडतात. आपल्या कीर्तिमुखाची आठवण यावी असा! छपराच्या खाली कोरलेल्या दगडांची रांग, ऐंशीहून जास्त अजून शिल्लक आहेत. ससा आणि कुत्रा शेजारी शेजारी, एक वाद्य वाजवणारा, आणि एक उघडी बाई, जिचा अर्थ काय यावर विद्वान अजून भांडतात. चर्चमध्ये प्रार्थना चालू आहेत. गावातल्या भक्तांना यातली काही चित्रं अवघड वाटत असतील, पण ती जागेवर आहेत.

ते लोक जन्मजात शहाणे होते असं मात्र नाही. १६व्या शतकात सहाव्या एडवर्डच्या राजवटीत त्यांनी आपल्याच चर्चमधल्या मूर्ती काढल्या, भिंतींवरच्या चित्रांना चुना फासला. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग नावाचा माणूस दोन परगण्यांतली चर्चं फिरून चित्रं-मूर्ती फोडत गेला आणि कुठं किती फोडलं याची रोजनिशी ठेवत गेला. हे झालं मूर्तींच्या रागानं. पण १९व्या शतकात त्यांनी दुसरा उद्योग केला, तो प्रेमानं. जुनी चर्चं 'सुधारायची' म्हणून भिंती खरवडल्या, झिजलेले दगड काढून नवे घातले, जुन्या कारागिराच्या हाताच्या जागी यंत्राची सफाई आणली. तेव्हा विल्यम मॉरिस या लेखकानं १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. तिचं म्हणणं साधं होतं: रोज थोडी काळजी घ्या, गळती थांबवा, आधार द्या; पण जुन्याला नवं करायला जाऊ नका, कारण नवं केलेलं जुनं नसतं. आज तिथल्या गावच्या चर्चमध्ये महत्त्वाचा बदल करायचा तर वरच्या धर्मप्रांताची लेखी परवानगी काढावी लागते. गावच्या कमिटीला वाटलं म्हणून दार फोडता येत नाही.

रागानं फोडणारा निदान ओळखू येतो. प्रेमानं फोडणाऱ्याला हार घालतात. आपण आज त्या दुसऱ्या पायरीवर उभे आहोत आणि मॉरिसची वाट बघत बसायला आपल्याकडं वेळ नाही. चातुर्मास संपला की काम सुरू होणार आहे.

म्हणून माझी मागणी, आणि ती मी कमिटीकडं नव्हे, तुमच्याकडं करते आहे. देणगीची पावती घरात कुणाच्याही नावावर फाटो, पैसा आपल्या संसारातून जातो. तेव्हा यापुढं वर्गणी मागायला माणसं आली की चहा द्या आणि विचारा: काय काढणार आहात, त्याच्यावर काय कोरलंय, ते कुठं ठेवणार आहात? तिन्हीची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कामाच्या प्रत्येक दगडाचा फोटो काढून, नंबर घालून यादी बस्तीत राहिली पाहिजे. लेख असेल तर जाणकारांकडून त्याचा ठसा घेऊन वाचन करून घेतलं पाहिजे. शंभर वर्षांवरचं शिल्प हे कायद्यानं पुरावशेष असतं, ती कमिटीची खासगी मालमत्ता नसते, हेही जरा त्यांना आठवण करून द्या. ऑइलपेंट बंद. सिमेंट बंद. दुरुस्ती चुन्यात, आणि जुन्या दगडकामाची माहिती असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. निषिधी उभी करा, तिच्यावर छप्पर घाला आणि शेजारी मराठीत आणि कन्नडात पाटी लावा. अशा पाटीसाठी लागेल तो खर्च महिला मंडळ करेल, आणि पाटीवर मंडळाचं नाव नसेल.

आणि महिला मंडळानं आपल्या पुढच्या चार बैठकांत एवढं करावं: रांगोळी स्पर्धा एकदा बाजूला ठेवून सगळ्यांनी बस्तीत जावं आणि चौकट खालून वर वाचावी. उंबरठा, शाखा, कलश, ललाटबिंब. ज्येष्ठ काकूंनी ऐकलेल्या गोष्टी सांगाव्यात, शिकलेल्या मुलींनी टिपून घ्याव्यात. उपाध्यांना विचारावं, त्यांना पुष्कळ माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. ज्या बाईला ती चौकट वाचता आली, ती बाई सर्वसाधारण सभेत 'नक्षी आहे हो' हे ऐकून गप्प बसणार नाही.

सभा दसऱ्यानंतरच्या रविवारी आहे. सभासद म्हणून बायकांनाही मत आहे, नियमावलीत तसं लिहिलेलं आहे. वापरण्याची पद्धत नाही, एवढंच. या वेळी वापरायचं. हळदीकुंकवाला येतो तशा, दोघी-तिघी बरोबर घेऊन या. प्रसादाचं त्या दिवशी अण्णा बघतील.